विहिरीतल्या कासवाचं सोयर

विहिरीत औषध टाकायला किती वेळ लागतो, असं त्या सकाळी मला कुणी विचारलं असतं तर मी पाच मिनिटं म्हणून सांगितलं असतं. डबा फोडायचा, पावडर बादलीत कालवायची, बादली विहिरीत रिकामी करायची आणि हात धुवायचे. मी जन्मभर कस्टम खात्यात बंदरांवर नोकरी केलेली असल्यामुळे कुठल्याही कामाला दुप्पट वेळ धरायची मला सवय आहे. तेव्हा दहा मिनिटं धरा. पण या दहा मिनिटांच्या कामापायी मी देवीसमोर शब्दात अडकलो, भर दुपारी विहिरीत पडलो, तालुक्याच्या कचेरीत आवाज चढवून आलो आणि माझ्या आंघोळीच्या घंगाळात असा एक पाहुणा मुक्कामाला राहिला की कारळवाडीत आजही माझं घर विचारलंत तर लोक आधी त्याचीच हकिगत सांगतात.

सन पासष्टचा उन्हाळा होता. इंडोनेशियाकडून निघालेली पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ बंदरं घेत घेत आपल्या देशात शिरल्याचं वर्तमानपत्रांत येत होतं. आमच्या खात्याला चुकवून इतक्या देशांतून इतका माल आजवर कुणी आणला नव्हता. पेपरात होती तोवर ती मला पेपरातलीच वाटत होती. मग एक दिवस बोर्लीला नारळाचा व्यापार करणारा इक्बालशेट आमच्या वाडीत नारळ बघायला आला आणि ओटीवर टेकता टेकता म्हणाला, "नाना, खाडीपल्याड दोन घरांत उलट्या-जुलाब सुरू झालेत. अल्ला रहम करे. पाणी तेवढं संभाळून प्या."

हे बोलताना त्याने माजघराकडे पाहिलं, कारण आत आमची कोकिळा होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा लागलेला.

सरकार झोपलेलं नव्हतं, हे मी सरकारचं मीठ खाल्लेला माणूस म्हणून अभिमानाने सांगतो. आठवड्याच्या आत आरोग्य खात्याचे शिवदास इन्स्पेक्टर सायकल मारत आले आणि त्यांनी सगळ्या वाडीला देवळासमोर उभं करून लस टोचली. आमचा शेजारी येसाजी, जो आपण वाघाला हाताने हाकलल्याची गोष्ट ऐकणारा मिळाला की सांगतो, तो सुई पाहून देवळाच्या खांबाला मिठी मारून उभा राहिला आणि टोचून झाल्यावरही खांब सोडीना. त्याची बायको रंगू हिने त्याची बोटं एकेक करून सोडवली. मी पुढाऱ्याच्या नात्याने पहिला दंड पुढे केला होता. तापाने दोन दिवस मी पडून होतो हे निराळं.

कोकिळेला मात्र शिवदासांनी टोचलं नाही. "दिवस भरत आलेत. माझा हात धजत नाही, आणि डॉक्टरांनीही नको म्हणून सांगितलंय," ते म्हणाले. "यांना फक्त पाण्याने जपा. पाणी उकळून द्या आणि विहिरीत पावडर टाका. डबा पंचायतीत ठेवलाय."

पाणी उकळणं हा प्रकार आमच्या घरात चालला तो कागदावरच. माझी बायको गोदू चुलीवर हंडाभर पाणी उकळायची, गाळायची, निववायची आणि लेकीपुढे ठेवायची. त्या पाण्याला धुराचा असा काही वास यायचा की कोकिळा एक घोट घेऊन, "बाबा, हे पाणी आहे की विझलेली चूल?" म्हणायची. एकदा दुपारी मी येसाजीच्या अंगणावरून जात होतो, तर ही आत रंगूच्या माठातलं गार पाणी घटाघटा पिताना दिसली. मला पाहून तिने तांब्या पदराआड केला. "आत आग पडते हो बाबा," ती म्हणाली. पोर रागावण्याच्या पलीकडे गेली होती, म्हणून मी नुसताच घरी आलो. पण त्या तांब्यातलं पाणी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. एकट्या आमच्या घरातलं पाणी शुद्ध करून भागणार नव्हतं. सगळ्या वाडीची एकच विहीर. तिच्यातच पावडर पडायला हवी होती.

मी तसाच उठून विहिरीवर गेलो आणि जमलेल्या चारचौघांना म्हणालो, "उद्या सकाळी पावडर टाकू."

"टाका की," येसाजी म्हणाला. "माजं काय म्हननं न्हाय. पन आदी कासवाचं बगा."

आता हे कासव सांगायला हवं. आमच्या विहिरीत, म्हणजे वाडीच्या भाषेत बावीत, एक कासव आहे. ते किती वर्षांचं आहे यावर दोन मतं आहेत. एका मताने ते येसाजीच्या आज्याच्या वेळचं, दुसऱ्या मताने विहिरीच्याही आधीचं. पाणी तेच राखतं, अशी वाडीची समजूत. नवी नवरी पहिल्यांदा पाण्याला आली की तिने विहिरीत मूठभर पोहे टाकायचे. कासव वर आलं तर संसार सुखाचा. माझ्या गोदूने पोहे टाकले तेव्हा ते वर आलं नव्हतं, आणि हे ती मला अधूनमधून ऐकवते.

"पावडरीनं त्ये मेलं तर?" रंगूने विचारलं.

शिवदास त्या दिवशी पाहणीला आलेले होते, मी त्यांच्याकडे पाहिलं. शिवदासांनी डोकं खाजवलं. "आमच्या सूचनांत कासवाबद्दल काही नाही. पण औषध कडक असतं. तुम्ही त्याला चार-दोन दिवस बाहेर काढून ठेवा ना."

"एवढंच ना?" मी म्हणालो. "मी काढतो."

ही चार अक्षरं बोलताना माझ्या तोंडाला कुणी हात लावला असता तर पुढचं सारं टळलं असतं.

आमच्या वाडीत सल्ला फुकट मिळतो आणि मागण्याची गरज पडत नाही. संध्याकाळपर्यंत माझ्या ओटीवर कासव काढण्याच्या सात-आठ रीती जमा झाल्या. कुणी म्हणालं गळ टाका, कुणी म्हणालं आरसा दाखवा, त्याला दुसरं कासव आल्यासारखं वाटेल. इक्बालशेटने बोर्लीच्या कोळ्यांकडून जाळं आणून द्यायचं कबूल केलं. एवढ्यात विठोबा गुरव पायरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "नाना, येवडी तयारी केलीत, पन देवीला इचारलंत का?"

देवीला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गुरव देवीच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सकाळी सगळी वाडी देवळात. विठोबाने विचारलं, "आई, नाना कासव काढनार हायेत, काढू देत का?" डावी कळी टपकन पडली. येसाजीने माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी रात्रीच चोरी केली होती.

मी म्हटलं, प्रश्नच चुकला. आमच्या खात्यात अर्ज नामंजूर झाला की शब्द बदलून परत पाठवतात. मी विठोबाला म्हणालो, "असं विचार की, चार दिवस पाहुणा म्हणून नेऊ का?" या वेळी कुठलीच कळी हलेना. आम्ही पाहत बसलो. मुलं पेंगायला लागली. शेवटी विठोबा म्हणाला, "पावना म्हंजे परका. बाहेरच्याच्या घरी देवी त्याला कशी धाडील? घरचं मानूस म्हनून ठेवताव का बोला."

माझ्या डोळ्यांपुढे रंगूच्या माठातलं पाणी होतं. मी म्हणालो, "ठेवतो. घरचं माणूस म्हणून ठेवतो." शब्द पुरा होतो न होतो तोच उजवी कळी पडली. "व्हय म्हाराजा!" सगळी वाडी ओरडली. येसाजीचं उपरणं त्याच वेळी देवीच्या अंगाने झटकलं गेलं होतं, असं मला वाटतं. पण देवळात अशा शंका काढू नयेत.

दुपारी जाळं आलं. इक्बालशेट आणि येसाजीने ते विहिरीत सोडून ओढलं, तर पहिल्याच खेपेला त्यात दोन तांबे, एक कळशी आणि एक पोहऱ्याची कडी निघाली. कळशीवरून दोन बायकांत जे जुंपलं ते मिटायला बराच वेळ गेला. कासव निघालं नाही. ते विहिरीच्या तळाला, कपारीत मान आत घेऊन बसलं होतं आणि वरून त्याची पाठ स्पष्ट दिसत होती. उन्हाळ्याने पाणी कमरेइतकंच उरलं होतं.

"कुणीतरी खाली उतरायला हवं," मी म्हणालो.

"कुनीतरी कशाला?" येसाजी म्हणाला. "घरचं मानूस आनायला घरच्यानंच जायाचं आसतं."

मग मला एका पाटावर बसवलं, पाटाला चारी कोपऱ्यांना दोर बांधले आणि मला खाली सोडलं. सेवेतून निवृत्त झालेला माणूस सगळ्या वाडीच्या बायकांसमोर धोतराचा काचा मारून पाटावर बसतो आणि हळूहळू जमिनीच्या खाली जातो, हे दृश्य मला आजही चांगलं आठवतं, कारण ते मी खालून पाहत होतो. वरून रंगूने एक टोपलीही दोरीने सोडली होती आणि त्यात थोडा भात टाकला होता. मी पाण्याजवळ पोचलो, कासवाकडे हात केला, त्याने मान बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं, आणि मी पाटावरून पाण्यात गेलो. माझा चष्मा वाचला. बाकी काही कोरडं राहिलं नाही.

मी उभा राहून डोळे पुसेपर्यंत कासव आपणहून टोपलीत शिरून भात खात बसलं होतं. "शिरलं! शिरलं! वढा!" वर गिल्ला झाला. टोपली सरसर वर गेली. नंतर वरून हळदीकुंकू, नारळ, "व्हय म्हाराजा" असे आवाज आले, आणि ते आवाज देवळाच्या दिशेने दूर जात चालले. मी थोडा वेळ वाट पाहिली. एखाद्या कामात आपला वाटा मोठा असला की लोक आपल्याला विसरणार नाहीत, अशी माझी समजूत होती. मग मी हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली. अखेर इक्बालशेटचं डोकं विहिरीच्या काठावर आलं आणि तो वळून ओरडला, "अरे, नाना खालीच हायेत ना!"

कासवाला आमच्या तांब्याच्या घंगाळात ठेवलं. त्या घंगाळात मी पंचवीस वर्षं आंघोळीचं पाणी घेत आलो होतो. त्या दिवसापासून मला बादली मिळाली. दर्शनाला रीघ लागली. जो तो कासवाला दोन दाणे टाकायचा, दोन शब्द बोलायचा आणि पाणी मागायचा. साथ चालू असताना माणसं गोळा होऊ देऊ नयेत, असं शिवदासांनी निक्षून सांगितलं होतं. ते निक्षून सांगत होते त्याच वेळी मी शंभर माणसांना तांब्या-भांडं पुढे करत होतो. एक फायदा झाला. कोकिळा घंगाळाजवळ पाट टाकून बसायची, कासवाला भेंडीचे तुकडे घालायची आणि हसायची. ती आल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

आता पावडर. मी पंचायतीच्या कचेरीत डबा मागायला गेलो. शिपायाने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "पांढरी पावडर व्हय? ती संपली की, नाना. परवा तालुक्याचे सायब येऊन गेले ना, त्यांच्या गाडीसाठी रस्त्याच्या दोनी बाजूंनी रेघा मारल्या. लई झ्याक दिसत व्हतं."

मी रस्त्यावर जाऊन त्या रेघा पाहिल्या. खरोखरच सरळ होत्या. आमच्या वाडीला पटकीपासून वाचवायचं औषध वळणापर्यंत दुतर्फा पसरलेलं होतं आणि त्यावरून एक कोंबडी अत्यंत शुद्ध पायांनी चालली होती.

दुसऱ्या दिवशी मी यष्टीने तालुक्याला गेलो. कुठल्या कचेरीत गेलो ते सांगत नाही. मीही कचेरीतच उमेदीची वर्षं घालवलेली आहेत. तिथला कारकून सभ्य होता. त्याने मला बसायला सांगितलं आणि कागद चाळून म्हणाला, "कारळवाडीची विहीर शुद्ध झालेली आहे."

"झालेली नाही," मी म्हणालो. "तिची पावडर रस्त्यावर आहे."

"कागदावर झालेली आहे. पावडर दिली की विहीर शुद्ध धरतात. शुद्ध विहिरीला परत पावडर देता येत नाही."

"मग ती परत अशुद्ध करा."

"तसं करता येतं," तो म्हणाला. नियम मोडायची त्याची इच्छा नव्हती, पण मला मदत करायची होती, हे मला दिसत होतं. "त्या विहिरीचं पाणी पिऊन एखाद्याला लागण झाली पाहिजे. एक रोगी दाखवलात की लगेच देतो."

माझं वागणं नोकरीत अतिशय थंड म्हणून नावाजलेलं होतं. कोणी सोन्याची बिस्किटं नारळात घालून आणली तरी मी 'कृपया नारळ बाजूला ठेवा' असंच म्हणत असे. पण त्या दिवशी मी उठून उभा राहिलो आणि टेबलावर हात आपटला. "त्या विहिरीचं पाणी माझी मुलगी पिते!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तिला टोचता येत नाही. उकळलेलं पाणी तिला जात नाही. तुमच्या कागदासाठी तिला आजारी पाडू का मी?"

कारकुनाने हातातला कागद खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "कितवा?"

"नववा."

तो उठला, पलीकडच्या कपाटामागे गेला आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक डबा माझ्या पिशवीत घातला. "हा आमच्या कचेरीच्या विहिरीचा आहे. आमची उद्या बघू. तुम्ही साडेतीनची गाडी पकडा." त्याला मी नीट धन्यवादही दिले नाहीत.

पावडर पडली. विठोबाने नारळ फोडला, शिवदासांनी स्वतः बादली कालवली, मी भाषण केलं. भाषण संपेपर्यंत विहिरीवर शिवदास आणि मी दोघेच उरलो होतो. पाण्याला असा उग्र वास सुटला होता की म्हशींनीसुद्धा तोंड फिरवलं. सगळ्या बायका हंडे घेऊन ओढ्याकडे निघाल्या. ओढा उन्हाळ्यात सुकलेला असतो. त्याच्या पात्रात खड्डा उकरून पाणी काढतात, त्याला झिरी म्हणतात. त्या झिरीच्या वरच्या अंगाला वाडीची गुरं बसतात. म्हणजे इतका खटाटोप करून मी काय साधलं होतं, तर विहिरीचं बरं पाणी पिणारी माणसं ओढ्याच्या गढूळ पाण्यावर नेऊन सोडली होती.

त्याच दिवशी बातमी आली की खाडीपल्याड एक म्हातारी गेली.

मी झिरीवर जाऊन उभा राहिलो. हात जोडले, साथीचा सगळा नकाशा वाळूत काठीने काढून दाखवला. बायका नकाशाला वळसा घालून गेल्या. "नाना," येसाजीने मला समजावलं, "राखनदार तुमच्या घंगाळात हाय. राखनदाराबिगर बावीचं पानी पियाचं कसं? कासव बावीत आलं, की आमीबी आलो."

"मग उद्याच सोडतो," मी म्हणालो.

"वास जाईपर्यंत सोडू नका, मरेल," माझ्याबरोबर झिरीवर आलेले शिवदास म्हणाले.

आमच्या घरात आम्ही तेच औषधाचं पाणी वापरत होतो. नवल म्हणजे कोकिळेला ते चाललं. "धुरापेक्षा बरं," ती म्हणायची. मी हिशेब केला होता की शनिवारपर्यंत वास उतरेल, कासव परत जाईल, वाडी विहिरीवर येईल आणि माझी जबाबदारी संपेल. शुक्रवारी दुपारी जेवणं झाली आणि कोकिळेला कळा सुरू झाल्या.

इक्बालशेटची चुलती नसीबाचाची बोर्लीहून बैलगाडीने आली. या पंचक्रोशीतली निम्मी माणसं, हिंदू काय आणि मुसलमान काय, तिच्याच हातावर जन्मलेली आहेत. तिने आल्या आल्या हंड्यातलं पाणी हुंगलं आणि म्हणाली, "हेच पाणी मला दे. दुसरं आणू नकोस." मग मला ओटीवर हाकलून दार लावून घेतलं. मी घंगाळाजवळ बसलो. कासवाला भेंडीचा एकेक तुकडा घालत राहिलो. उन्हं कलताना आतून रडण्याचा आवाज आला आणि चाचीने दार किलकिलं करून सांगितलं, "मुलगी झाली, नाना. दोघी खुशाल. अल्लाचे शुकर करा." मी शुकर केले, देवीचे, अल्लाचे आणि त्या कारकुनाचेही. रडायचंही राहिलं नाही.

शनिवारी सकाळी मी कासव उचलणार तोच विठोबा गुरव अंगणाच्या कडेला, लांबच उभा राहिला. "नाना, हात लावू नका! कासव कुटं न्हेताव? सोयर लागलं न्हाय का तुमाला?"

घरात मूल जन्मलं की घरच्यांना सोयर असतं. दहा दिवस त्यांनी देवाला शिवायचं नाही, सार्वजनिक विहिरीवर जायचं नाही. "अरे, आम्हाला," मी म्हणालो. "लेकीच्या बाळंतपणाचं, तेही तीनच दिवस. कासवाला कसलं सोयर?"

"जितं बाळंतीन तितं धा दिवस, हे वाडीचं हाय. आनि तुमी देवीम्होरं काय बोललाव? 'घरचं मानूस.' घरच्याला सोयर नको व्हय? सोयरातलं कासव बावीत गेलं तर आख्खी बाव इटाळली की!"

शास्त्र बिनचूक होतं. मी घंगाळात पाहिलं. कासवाने मान आत घेतली.

म्हणजे आणखी दहा दिवस कासव परत जाणार नाही. दहा दिवस वाडी झिरीचं पाणी पिणार. आणि आम्हाला विहीर बंद. सोयरात शेजारी पाणी भरून देतात, ही आमच्याकडची जुनी रीत. आपल्या घरी भरायचं तेच पाणी ते आणून ओततात. शेजारी येसाजी. येसाजीच्या घरात पाणी झिरीचं. मी घरात जाऊन पाहिलं, तर हंड्यात तळाला थोडंच पाणी उरलेलं. कोकिळा पहुडलेली, कुशीत ते लालबुंद गाठोडं. तिने विचारलं, "बाबा, पाणी आहे ना?" मी "आहे" म्हणून बाहेर आलो. शेजारणीने डोक्यावरून वाहून आणलेलं पाणी नको म्हणायला तोंड कुठलं आणायचं? आणि हो म्हणून बाळंतिणीला पाजायचं कसं?

तेवढ्यात रंगू आली. डोक्यावर भरलेला हंडा, कमरेवर कळशी. आम्हाला न शिवता तिने उंचावरून आमच्या हंड्यात पाणी ओतायला सुरुवात केली. मी वाकलो आणि नाक पुढे केलं. हे वागणं असभ्य आहे हे मला कळत होतं.

पाण्याला उग्र वास होता.

"हुंगताव काय, नाना?" रंगू म्हणाली. "बावीचंच हाय."

"बावीचं? पण रंगूबाई, कासव तर अजून..." मी म्हणालो. बघा माझी अक्कल. तीन दिवस झिरीवर उभा राहून घसा कोरडा करणारा मी, तिला कासवाची आठवण करून देत होतो.

"कासव ऱ्हाईल तितं ऱ्हाईल. झिरीत म्हशी बसत्यात. वल्या बाळंतिनीला त्ये पाजू मी? कोकी माज्या अंगनात वाढलीया."

मी धीर करून विचारलं, "आणि तुमच्या घरात?"

"आता बाव एकीकडं नि वढा एकीकडं, किती हेलपाटं घालू? तुमचा हंडा भरला, मंग आमचाबी तितंच भरला. पोरं प्याली. वास मारतंय म्हनून वरडली. प्याली पन." तिने कळशी रिकामी केली. "सांजच्याला परत आनते. बाकीच्याबी इचारत व्हत्या, आमचा बी येक येक हंडा बाळंतिनीला."

मी बाजूला होऊन तिला वाट दिली आणि ती हंडे घेऊन गेली. संध्याकाळी विहिरीवर रहाटाचा आवाज सुरू झाला तो दिवे लागेपर्यंत थांबला नाही. सगळ्याच घरांना बाळंतिणीला पाणी घालायचं होतं, आणि एकदा बावीवर गेलेली बाई आपले हंडे रिकामे घेऊन परत येत नाही.

खाडीपल्याडची साथ आमच्या शिवेपर्यंत आली आणि शिवेवरूनच वळली. आमच्या वाडीत कुणाला काही झालं नाही.

चार-पाच दिवसांनी येसाजी आला. सोयर म्हणून अंगणाबाहेर उभा राहिला. घंगाळ ओटीवर होतं, त्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि मला खुणेने फणसाच्या झाडामागे बोलावलं.

"काय रे?"

"हळू बोला. त्ये ऐकतंय." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "नाना, मीबी प्यालो. सरकारी पानी. रोज पितोय."

"चांगलं केलंस की!"

"चांगलं ते झालंच. पन तुमी त्याला सांगू नका. बावीत परत गेल्यावर त्याला वाटायचं, ह्यांचं माज्याबिगर बी चालतंय. जुनं मानूस हाय, मनाला लावून घेईल."

मी त्याला शब्द दिला. घरातून नातीने सूर लावला, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा. येसाजी कान देऊन थोडा वेळ ऐकत राहिला.

"आवाज खनखनीत हाय," तो म्हणाला. "पानी मानवलंय पोरीला." आणि बैल सोडायला निघून गेला.